नॉर्मचा गुरुवार

नोरीन टकवेलच्या घराच्या मागच्या दाराला काच होती आणि त्या काचेवर निळ्या चिकटपट्टीची भली मोठी फुली होती. कुणी विचारलं, "काच तडकली का गं?" की नोरीन म्हणायची, "काचेला काय धाड भरलीय! नॉर्मचं नाक सोललं."

नॉर्म म्हणजे तिचा कुत्रा. म्हणजे अजून पुरता तिचा नाही, आणि सगळं लचांड तिथेच आहे. वय पाच वर्षं, वजन चौतीस किलो, अंगावर तपकिरी-काळे पट्टे, जात ग्रेहाउंड. शर्यतीतलं नाव सायक्लोन सुलतान. आता या प्राण्यात सायक्लोन म्हणण्यासारखं काय होतं, ते ज्याने नाव ठेवलं त्यालाच ठाऊक. ऐंशी शर्यती पळला आणि एकदाच दुसरा आला, तोही पुढचे तिघे वळणावर एकमेकांत अडकून कोलमडले म्हणून. दोनदा तर पंचांनी त्याच्यावर बंदी घातली. कारण काय, तर पाठलाग करायची इच्छा दिसत नाही! नकली ससा रुळावरून सुसाट पुढे, सात कुत्री जीव खाऊन त्याच्या मागे, आणि हा पठ्ठ्या शेजारच्या कुत्र्याच्या कानाशी लागून गप्पा मारत पळतोय. दुसऱ्या बंदीनंतर त्याचा ट्रेनर क्लेम हॅगर्टी म्हणाला, "बास झालं. याला पळवण्यापेक्षा सोफा पळवलेला परवडला." झालं, नॉर्म निवृत्त.

आणि सोफा म्हणाल, तर आता तो नॉर्मचाच होता. नोरीन जमिनीवर उशी घेऊन बसायची.

शर्यतीचं कुत्रं घरात आणणं म्हणजे काय असतं, हे आणल्याशिवाय कळत नाही. या बिचाऱ्यांचा जन्म कुत्रेघरात गेलेला. काच माहीत नाही, आरसा माहीत नाही, जिना माहीत नाही. नोरीनच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी नॉर्म पहिल्या पायरीपाशी जो थांबला तो थांबलाच. नोरीनने गुडघ्यावर बसून त्याचा एकेक पाय उचलून वर ठेवला. पुढचे दोन वर गेले की मागचे दोन विसरायचा. कुंपणापलीकडून तिची नणंद ग्लेनिस हे बघत होती. ती म्हणाली, "नोरीन, पियानो चढवतेयस का?"

"तू गप्प बस. हात लाव म्हटलं तर लावणार नाहीस."

"मी? त्या हाडकाला? माझी पाठ गेली म्हणजे?"

पहिल्या संध्याकाळी तर कहरच झाला. नॉर्मच्या डोक्यावरून हात फिरवताच त्याचे दात कडाकडा वाजायला लागले. तिने आपलं लोकरीचं जाकीट काढून त्याला घातलं, हीटर लावला आणि क्लेमला फोन केला. "क्लेम, अरे, याला हुडहुडी भरलीय!"

पलीकडे क्लेम काहीतरी चघळत होता. "खूश आहे तो."

"खूश असेल तर दात कशाला वाजवेल?"

"तू खूश झालीस की गातेस. आम्ही कधी डॉक्टरला बोलावलंय का?"

क्लेम असाच. सत्तरी ओलांडलेला, वाळकुडा, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर त्यातली नऊ कुत्र्यांशी. चाळीस वर्षं ग्रेहाउंड पळवत होता आणि एकही कुत्रा त्याने कधी घरात घेतला नव्हता.

नोरीनची आणि नॉर्मची ओळखही क्लेममुळेच झाली. बरिंगुक गावच्या मेन स्ट्रीटवर नोरीनची बेकरी, बेकरीच्या मागे तिचं घर. शर्यतीचं मैदान टॅलबूरला, शर्यती गुरुवारी. दर गुरुवारी सकाळी साडेदहाला क्लेम आपली गाडी बेकरीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत लावायचा. गाडीच्या मागे कुत्र्यांचा ट्रेलर, त्याला सहा कप्पे, प्रत्येक कप्प्याला जाळीचं दार. संध्याकाळी पाचला शर्यती आटोपून तो पुन्हा तिथेच थांबायचा. सकाळी कुत्र्यांना काही द्यायचं नाही, हा पळवणाऱ्यांचा नियम. संध्याकाळी मात्र मुभा. मग नोरीन ॲप्रनच्या खिशात सॉसेज रोलची कापलेली टोकं भरून बाहेर यायची. टोकं विकता येत नाहीत, रोल सारखा दिसायला हवा म्हणून ती कापावीच लागतात. कांदा कुत्र्यांना बाधतो असं क्लेमने सांगितल्यापासून गुरुवारचा एक ट्रे बिनकांद्याचा व्हायला लागला. म्हणजे गिऱ्हाइकांच्या तोंडची चव गेली तरी चालेल, पण कुत्र्यांची पोटं बिघडता कामा नयेत! एकेका जाळीतून एकेक तुकडा. तिसऱ्या कप्प्यातला कुत्रा कधी भुंकायचा नाही, हिसकायचा नाही. नाक जाळीला लावून उभा राहायचा आणि तुकडा खाऊन झाला तरी तिच्याकडे बघत राहायचा. तीन वर्षं हे चाललं. तो निवृत्त होणार असं कळलं, त्या दिवशी नोरीन म्हणाली, "क्लेम, तिसरा मला हवाय."

पण असं हवाय म्हणून मिळत नाही. निवृत्त ग्रेहाउंडना घरं मिळवून देणारी एक संस्था होती. तिची रीत अशी, की आधी चार आठवडे कुत्रा घरी ठेवायचा, पण कुत्रा संस्थेचाच. संस्थेची बाई तीनदा येऊन बघणार. सगळं ठीक असेल तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी कागद तुमच्या नावावर. ती बाई म्हणजे हेस्टर क्विल्टी. उंच, नीटनेटकी, हातात कायम एक पाटी आणि पाटीवर फॉर्म. पहिल्या भेटीत तिने टेप काढून कुंपण मोजलं होतं. नियम अकरा होते, पण नोरीनची झोप उडवली होती ती सातव्याने. दोरीशिवाय कुत्रा आवाराबाहेर गेला, तर तो संस्थेकडे परत. मग तो शहरात कुठेतरी जाणार, चारशे किलोमीटरवर, कुणाच्या तरी सोफ्यावर. नोरीनने सातवा नियम फ्रिजवर चिकटवला होता. टेड, तिचा नवरा, जाऊन सात वर्षं झाली होती आणि नोरीन काही रडूबाई नव्हती. पण आता पहाटे कणीक मळायला उठलं की मागून कुणीतरी जांभई देत यायचं आणि तिच्या मांडीला सगळं अंग टेकून उभं राहायचं. ते परत द्यायचं, हा विचारसुद्धा तिला सहन व्हायचा नाही.

शेवटची भेट गुरुवारी दुपारी तीनला ठरली होती.

त्या गुरुवारी नोरीनने सगळं घर घासून काढलं. नॉर्मलासुद्धा पुसलं. आदल्या दिवशी त्याने काउंटरवरून अकरा लॅमिंग्टन केक पळवले होते आणि मिशांना अजून खोबरं होतं. अकराच्या सुमाराला ती त्याला बघायला अंगणात गेली. अंगण रिकामं. सकाळी पिठाची रिकामी पोती तिने बाहेर ठेवली होती आणि फाटक तिच्याच हाताने नुसतं लोटलेलं राहिलं होतं. ते आता सताड उघडं होतं.

नोरीन धावत सुटली. खाटकाच्या दारात बघितलं, कारण फिरायला नेलं की नॉर्मला तिथे पुतळा व्हायची सवय होती. रस्त्याच्या मधोमध खांबासारखा उभा राहायचा, ओढा, विनवा, शिव्या घाला, हालायचा नाही. आज तिथेही नाही. पोस्टापाशी नाही. शाळेच्या मैदानावर नाही. ग्रेहाउंड पळाला तर मिनिटात कुठल्या कुठे जातो, आणि हाक मारून परत येणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. नोरीन "नॉर्म! नॉर्म!" ओरडत सगळ्या गावातून फिरली. गावात नॉर्म नावाचे दोन म्हातारे होते, ते दोघे आले.

पावणेबाराला ती घामाघूम होऊन बेकरीत शिरते तोच फोन वाजला. "नोरीन," क्लेमचा आवाज, "एक गंमत झालीय."

"मला गंमत नको, क्लेम! नॉर्म गेला!"

"तीच. तो माझ्याकडे आहे. टॅलबूरला."

"तू... तू त्याला पळवून नेलंस?"

"मी नाही. हाताने."

झालं होतं असं. लांबच्या प्रवासाआधी पळवणारे लोक कुत्र्यांना एकेक करून उतरवतात, मोकळं करतात आणि पुन्हा चढवतात. क्लेमने आपली तीन कुत्री बेकरीशेजारी उतरवली. प्रत्येकाला वेगळं झुडूप हवं, त्यात बराच वेळ गेला. तोवर ट्रेलरची सगळी दारं उघडी. नॉर्म फाटकातून आला, आरामात चालत ट्रेलरपाशी गेला आणि आपल्या तिसऱ्या कप्प्यात चढून बसला. क्लेमचा एक हात सॉसेज रोलला गुंतलेला, चष्मा गाडीत. दुसऱ्या हाताने तो चाळीस वर्षं करतोय तेच केलं. ज्या कप्प्यात शेपटी दिसली, त्याचं दार लावलं. तीन वर्षं तिसऱ्यात नॉर्म असायचाच. हाताने डोक्याला विचारलंच नाही.

"टॅलबूरला तीन उतरवले," क्लेम म्हणाला, "तर आत अजून एक जांभई देतोय."

"आणून सोड आत्ताच्या आत्ता! तीनला हेस्टर यायचीय!"

"मला हलता येत नाही. माझी तिन्ही आत कुलपात गेलीत, दुसऱ्या शर्यतीत एक, सहाव्यात दोन. तू ये. आणि नोरीन..." क्लेम थांबला. क्लेम थांबला की काहीतरी वाईट असतं. "ती हेस्टर इथेच आहे. संस्थेचं टेबल मांडलंय तिने, फाटकाशी. पत्रकं वाटतेय. दीडला उठणार आहे."

बावीस वर्षांत पहिल्यांदा नोरीनने गुरुवारी भरदुपारी बेकरीला कुलूप घातलं. तिची स्वतःची व्हॅन गॅरेजमध्ये होती, म्हणजे राहिली ग्लेनिस. ग्लेनिसची गाडी चिमुकली, आणि सीटवर गेल्याच आठवड्यात घातलेली क्रीम रंगाची कव्हरं.

"क्रीम कव्हरांवर कुत्रा?" ग्लेनिस किंचाळली.

"ग्लेनिस, तुझ्या भावाची शपथ."

"टेडला मध्ये आणू नकोस. जिवंत होता तेव्हा त्यालाही मी बूट काढून गाडीत घ्यायची." पण ग्लेनिसने किल्ली उचलली. तोंडाने फटकळ, पण बाई मनाची वाईट नव्हती. टॅलबूरपर्यंतचा पाऊण तास तिची टकळी चालू होती. घरी बसून उबदार काहीतरी पाळायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी काय वाईट, वगैरे. नोरीनच्या मनात मात्र दुसराच किडा वळवळत होता. नॉर्मला कुणी नेलं नव्हतं. नॉर्म आपल्या पायांनी गेला होता. ज्याला पायरी चढायला पियानोसारखं उचलावं लागतं, तो त्या ट्रेलरमध्ये मात्र आपणहून चढला. म्हणजे चार आठवड्यांचा सोफा, लॅमिंग्टन आणि ती स्वतः एका बाजूला, आणि ते शर्यतीचं मैदान एका बाजूला. आणि त्याने निवड केली होती.

पावणेएकला त्या पोचल्या. हेस्टर फाटकापाशी पाठमोरी कुणाला तरी पत्रक देत होती. तेवढ्यात दोघी आत सटकल्या आणि ट्रेनर लोकांच्या गाड्या लावतात तिकडे गेल्या. क्लेमच्या गाडीच्या सावलीत नॉर्म उताणा, चारी पाय आभाळाकडे करून झोपला होता. नोरीनला बघून त्याने एक डोळा उघडला आणि दात वाजवले. तिने त्याच्या मानेला मिठी मारली आणि लगेच रागाने सोडली. "कृतघ्न मेला!" ती म्हणाली आणि पुन्हा मिठी मारली.

"आता बाहेर कसं काढायचं?" ग्लेनिसने विचारलं. "फाटक एकच, आणि फाटकाशी ती पाटीवाली."

क्लेमने सभोवार हात फिरवला. इकडे ग्रेहाउंड, तिकडे ग्रेहाउंड, सत्तर-ऐंशी ग्रेहाउंड. "कुत्रा लपवायला याहून चांगली जागा कुठली?" असं म्हणत त्याने गाडीच्या डिकीतून सरावाचं एक जुनं गुलाबी जाकीट काढलं, त्यावर आठचा आकडा. ते नॉर्मला चढवलं, तोंडाला मुसकी बांधली. नॉर्मला वाटलं असावं, झालं, पुन्हा नोकरी लागली. त्याचा चेहरा एकदम पडला.

बेत ठरला. हेस्टर ग्लेनिसला ओळखत नव्हती, म्हणून दोरी ग्लेनिसच्या हातात. नोरीन क्लेमचा कोट आणि टोपी घालून दहा पावलं मागे. ग्लेनिसने दोरी अशी धरली जणू तिच्या टोकाला गळकं गटार आहे. "चल रे," ती म्हणाली. "टेडने हे बघायला हवं होतं."

सगळं छान चाललं होतं. फाटक वीस पावलांवर आलं. दहावर आलं. आणि हेस्टरच्या टेबलाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या मधोमध, नॉर्म पुतळा झाला.

ग्लेनिसने ओढलं. नॉर्म तिथेच. ग्लेनिस मागून ढकलायला गेली, तर तिचीच सँडल निघाली. "हल ना, मेल्या!" ती दातओठ खात पुटपुटली. मागे नोरीनने टोपी डोळ्यांवर ओढली.

"त्याला ओढू नका हं," हेस्टर मदतीला धावून आली, अगदी हसतमुखाने. "थोडा वेळ द्यायचा असतो. नवीन आहात का तुम्ही यात?"

"आजच सुरुवात," ग्लेनिस म्हणाली.

"कुठल्या शर्यतीत आहे हा?"

ग्लेनिसने जाकिटाकडे बघितलं. "आठव्या."

"आठ हा जाकिटाचा नंबर असतो, बाई." हेस्टर खाली वाकली. तिला दिसलं, जाकिटाच्या आत संस्थेचाच हिरवा गळपट्टा आहे. मग तिची नजर मुसकीतून डोकावणाऱ्या नाकावर गेली, आणि नाकाच्या शेंड्यावरच्या सोललेल्या गुलाबी डागावर. "हे नाक मी ओळखते," ती हळूच म्हणाली. "या नाकासाठी मीच काचेवर फुली मारायला सांगितली होती."

नॉर्मनेही बाईंना ओळखलं. पुतळेपणा सोडून तो पुढे आला आणि त्याने आपलं सगळं चौतीस किलोचं अंग हेस्टरच्या पायांवर रेललं.

नोरीनने टोपी काढली. आता लपवण्यात अर्थच नव्हता. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "फाटक मी उघडं टाकलं."

"चूक माझ्या हाताची," मागून क्लेम आला. एवढं मोठं वाक्य त्याने अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असेल. मग दोघांनी मिळून सगळं सांगितलं, झुडपांपासून जांभईपर्यंत. ग्लेनिस मधूनमधून क्रीम कव्हरांचं घालत होती.

हेस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने पाटी छातीशी धरली. "सातवा नियम तुम्हाला माहीत आहे, मिसेस टकवेल. पण खरं सांगू? फाटकाचं मी एक वेळ समजून घेईन. फाटक कुणाकडूनही उघडं राहतं. मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. तो आपणहून ट्रेलरमध्ये चढला. काही कुत्र्यांचं मन मैदानावरून उठतच नाही. अशा कुत्र्याला बेकरीच्या अंगणात कोंडून ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे."

नोरीनच्या मनातलंच हेस्टर बोलली होती, म्हणून ते जास्त लागलं. तिला रडू कोसळलं. "तेच मलाही वाटतंय," ती म्हणाली. "त्याला जर इथेच बरं वाटत असेल, तर... तर न्या बाई त्याला. कुठे बरं वाटेल तिथे ठेवा. माझं काय!"

"याचं मन? मैदानावर?" क्लेम उखडला. "या सोफ्याचं? दोनदा बंदी आलीय याच्यावर, न पळण्याबद्दल!"

"मग चढला कशाला?" हेस्टरने विचारलं.

क्लेमने नोरीनच्या हातातली आपली टोपी घेऊन डोक्यावर घातली. हेस्टर म्हणाली, "मला तो ट्रेलर दाखवा."

सगळे परत गाड्यांपाशी आले. ट्रेलर अगदी मैदानाच्या कठड्याला लागून उभा होता. क्लेमने सहाही कप्पे उघडले, नॉर्मचं जाकीट आणि मुसकी काढली आणि हेस्टरच्या सांगण्यावरून दोरीही सोडली. नॉर्मने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग तो सरळ ट्रेलरपाशी गेला आणि तिसऱ्या कप्प्यात चढला. एक पाय नाही, चारी पाय, एका उडीत. नोरीनने डोळे मिटून घेतले.

क्लेमच्या हाताने पुन्हा डोक्याला न विचारता दार लावलं.

तेवढ्यात पहिली शर्यत सुटली. भोंगा वाजला, नकली ससा खडखडत कठड्यापलीकडून गेला आणि त्याच्या मागून आठ कुत्री, मातीचा नुसता धुरळा. लोक ओरडायला लागले. ट्रेलर हादरला. आजूबाजूच्या ट्रेलरमधली यच्चयावत कुत्री उभी राहून केकाटायला लागली.

"बघा त्याच्याकडे," हेस्टर म्हणाली.

नोरीनने डोळे उघडले. नॉर्मने मैदानाकडे मानसुद्धा वळवली नव्हती. तो कप्प्यात वळून उभा होता, नाक जाळीला लावून, आणि तिच्याकडे बघत होता. दात कडाकडा वाजत होते.

नोरीनचा हात आपोआप कोटाखालच्या ॲप्रनच्या खिशात गेला. घाईत ॲप्रन सोडायचाच राहिला होता. खिशात सकाळचं एक टोक होतं, बिनकांद्याचं. तिने ते जाळीतून आत सरकवलं. नॉर्मने ते सावकाश खाल्लं आणि खाऊन झाल्यावरही तिच्याकडे बघत राहिला.

"अगं बाई," नोरीन म्हणाली. "अगं बाई गं."

"काय झालं?" ग्लेनिसने विचारलं.

"आज गुरुवार आहे ना." तिने जाळीला हात लावला. "तीन वर्षं मी त्याला इथेच भेटत होते. फक्त इथे. याच कप्प्यात, दर गुरुवारी. तो शर्यतीला नाही गं गेला. तो मला भेटायला गेला!"

"पण तू तर घरातच होतीस की," ग्लेनिस म्हणाली.

"घरातली नोरीन वेगळी," क्लेम म्हणाला. "गुरुवारची नोरीन जाळीतून येते." आणि त्याने तोंड फिरवून टोपी नीट केली. कितीतरी वेळ नीट करत होता.

हेस्टरने दार उघडलं. नॉर्म उतरला आणि नोरीनच्या मांडीला टेकून उभा राहिला, पहाटे कणकेच्या वेळी राहतो तसाच. हेस्टरने ट्रेलरच्या चाकाच्या फळीवर बसून फॉर्म भरायला घेतला. बराच वेळ लिहीत होती. फाटकाला स्प्रिंगची कडी लावणे. मिस्टर हॅगर्टींनी चष्मा लावणे. मग तिने पाटी नोरीनपुढे धरली. 'कुत्रा आवाराबाहेर गेल्याचे कारण' अशा रकान्यात तिने लिहिलं होतं, 'मालकिणीला भेटायला गेला होता. भेट झाली.' खाली नॉर्मच्या नावापुढे संस्थेचं नाव खोडून नोरीन टकवेल असं लिहिलेलं होतं.

नोरीन मग मनसोक्त रडली, ग्लेनिससुद्धा रडली, आणि नॉर्मने त्या गडबडीत क्लेमच्या गाडीतला त्याचा जेवणाचा डबा फस्त केला.

परतताना तो मागच्या सीटवर उताणा, पाय काचेला लावून घोरत होता. क्रीम कव्हरांवर टॅलबूरची लाल माती, केस आणि बरंच काही. ग्लेनिसने आरशात दोनदा बघितलं, ओठ घट्ट मिटले, पण एक अक्षर बोलली नाही. बरिंगुक जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी क्लेमची गाडी लागली की मला सांग. ती टोकं मी देईन त्याला एखाद्या वेळी."